आई-बाबा, बोअरचं पाणी पिणं थांबवा, पेस्ट मात्र फेकू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बोअरच्या पाण्याच्या रिपोर्टचा फोटो मिळाला. फ्लोराइड 3.0 मिलिग्रॅम प्रति लिटर, क्षारता (आम्ल शोषून घ्यायची पाण्याची ताकद) 300, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 8.1, टीडीएस 480. बाबा, फोनवर तुम्ही फक्त शेवटचा आकडा सांगितलात, कारण पाणी शुद्ध करायचं मशीन विकायला आलेल्या माणसाने मीटर बुडवून "480 म्हणजे पाणी चांगलं" असं ठरवून टाकलं. तो मीटर पाण्यातले सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो. त्या 480 मध्ये फ्लोराइड अवघं 3. ते अजिबात नसतं तरी मीटरचा काटा तिथेच राहिला असता. फ्लोराइडची तपासणी वेगळीच करावी लागते. आयएस 10500 या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची मर्यादा 1.0 आहे, आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. आपलं पाणी दुसऱ्या मर्यादेच्याही दुप्पट आहे.

यात बोअर मारणाऱ्याचा दोष नाही. आपल्या यवतमाळकडे, तसंच चंद्रपूर-नांदेडकडेही, काही ठिकाणी खोल पाण्यात फ्लोराइड सापडतं. पाणी खडकात वर्षानुवर्षं मुरत राहतं, सोडियम-बायकार्बोनेट वाढतं, कॅल्शियम कमी होतं. कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं, ते नसलं की फ्लोराइड पाण्यातच राहतं. म्हणून असं पाणी प्यायला मऊ, गोड लागतं आणि डाळही छान शिजते. चवीवरून कळायचं नाही.

आता आईने पाठवलेला तो मेसेज, की फ्लोराइड विष आहे म्हणून फ्लोराइडची पेस्ट फेकून द्या. आई, तसं करू नकोस. पोटात जाणारं फ्लोराइड आणि दाताला लागणारं फ्लोराइड यांचा हिशेब वेगळा आहे. आपण काही गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात. आम्लामुळे पीएच 5.5 च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातून कॅल्शियम सुटू लागतं. लाळेत थोडंसं फ्लोराइड असेल तर सुटलेलं कॅल्शियम परत बसतं, आणि नव्याने बसलेला थर पहिल्यापेक्षा चिवट असतो, साधारण 4.5 पर्यंत टिकतो. हे काम दाताच्या पृष्ठभागावर होतं, त्यासाठी गिळावं लागत नाही.

दोन्ही बाजू एकाच शोधातून निघाल्या. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला 1901 पासून लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसत होते, पण ते दात किडत मात्र कमी. याचं कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे 1931 मध्ये कळलं. पुढे किती प्रमाणात डाग पडत नाहीत आणि कीडही कमी होते याचा शोध घेऊन 1945 मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. 2015 मध्ये अमेरिकेने लिटरला 0.7 मिलिग्रॅमची शिफारस केली. आपल्याकडे 1937 मध्येच आंध्रच्या नेल्लोर भागात जास्त फ्लोराइडने वाकलेली हाडं नोंदली गेली. आपल्याला पाण्यात काही घालायची गरज नाही, काढायची आहे.

सगळ्यात आधी आपल्या छोट्या चिनूचं पाणी बदला, आजपासून. कायमच्या दातांचं कवच हिरडीच्या आत साधारण आठव्या वर्षापर्यंत घडत असतं, अक्कलदाढा सोडून. त्या काळात जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर कवच नीट पक्कं होत नाही. दात उगवतो तेव्हाच खडूसारखा पांढरा किंवा तपकिरी पट्ट्यांचा असतो. वरच्या पुढच्या दातांचा नाजूक काळ तीनेक वर्षांपर्यंतचा, तो सुदैवाने बोअर मारण्याआधीच गेला. पण त्याचे सुळे आणि मागच्या दाढा अजून घडताहेत. डाग एकदा पडले की घासून जात नाहीत. तुमच्या दोघांच्या दातांवर आता असे डाग पडणार नाहीत, त्यांचं कवच कधीच तयार झालंय.

पाण्यासाठी आरओ, म्हणजे दाबाने अतिबारीक पडद्यातून (मेंब्रेन) पाणी गाळणारं मशीन घ्या, पण त्या माणसाला तीन गोष्टी विचारून. नुसतं यूव्ही, कँडल किंवा कार्बनचं फिल्टर फ्लोराइड काढत नाही, मेंब्रेन हवंच. दुसरं म्हणजे "टीडीएस कंट्रोलर". ही एक छोटी चावी असते. चव चांगली लागावी म्हणून ती थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळते, आणि आपल्याकडे तिथेच सगळं बिघडतं. मेंब्रेनने 90 टक्के फ्लोराइड काढलं तर 3 चं 0.3 होईल. चावीतून 30 टक्के कच्चं पाणी मिसळलं की तेच 1.1 वर जातं. एवढा खर्च करून मर्यादेच्या वरच. चावी पूर्ण बंद करून घ्या. बाबा, पाणी सपक लागेल, आठवडाभर कुरकुराल, मग सवय होईल. तिसरं, मेंब्रेन थकलं हे ओळखायला तोच टीडीएस मीटर कामाला येतो: चावी बंद असताना बाहेरचं पाणी नव्या मेंब्रेनला 40-50 दाखवेल, ते 100 च्या वर जाऊ लागलं की बदलायला सांगा. बसवल्यावर बाहेर आलेल्या पाण्याचं फ्लोराइड एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या, आणि नंतर वर्षातून एकदा.

नळीतून वाया जाणाऱ्या पाण्यात फ्लोराइड जास्त साठतं. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन लिटर बाहेर पडत असेल तर त्यात 4 च्या वर असेल. ते फरशी पुसायला आणि संडासात वापरा. गाईला नको, तिचेही दात आणि हाडं खराब होतात.

आई, स्वयंपाकालाही शुद्ध केलेलंच पाणी घे. भात, वरण, कणीक सगळं पाणी शोषतं आणि फ्लोराइड अन्नातच राहतं. उकळूनही ते जात नाही, पाणी आटलं की उलट प्रमाण वाढतं. पिणं, चहा, स्वयंपाक धरून पाच जणांना दिवसाला 20-25 लिटर लागेल. आंघोळ, भांडी, कपडे बोअरवर खुशाल चालू द्या. कातडीतून ते आत जात नाही. चहाच्या पानातही फ्लोराइड असतं, तेव्हा बाबांचा चौथा कप बंद केला तरी चालेल. आणि लाइट जाईल तेव्हासाठी एक पिंप भरून ठेवा.

बाबांची तुरटीची युक्ती: गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ बसतो, फ्लोराइड नाही. तुरटीने ते काढायची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढली, तीत तुरटी मोजून घालावी लागते. तुरटीचं प्रमाण फ्लोराइड आणि क्षारता दोन्हींवर ठरतं. क्षारता 300 आणि फ्लोराइड 2 असेल तर वीस लिटरला साडेपाच ग्रॅमच्या आसपास, शिवाय चुना तुरटीच्या विसाव्या हिश्शाएवढा. मग हळू ढवळणं, तासभर निवळणं, तळाचा गाळ न हलवता वरचं पाणी काढणं. चुना कमी पडला तर पाणी आंबट होतं आणि तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यात राहतं. आपलं फ्लोराइड 3 आहे, तुरटी आणखी लागेल. घरी अंदाजाने हे करू नका.

मारुतीजवळच्या विहिरीचंही पाणी तपासा. उथळ विहिरीत बहुधा फ्लोराइड कमी असतं, जंतू मात्र जास्त, तेव्हा ते उकळून घ्यावं लागेल.

आता पेस्ट. तुमच्या वयात हिरड्या खाली सरकतात, दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर कवच नसतं, म्हणून मूळ पीएच 6.2 च्या आसपासच झिजू लागतं. त्यात बाबांच्या बीपीच्या गोळीने तोंड कोरडं पडतं. म्हणून हिरडीलगत, मुळापाशी कीड लागते, आणि तिथे फ्लोराइडच्या पेस्टचा उपयोग होतो. ट्यूबवर फ्लोराइडचा 1000 पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) जवळपासचा आकडा आणि मुदत पाहा. वाटाण्याएवढी पेस्ट, दोन मिनिटं, सकाळी आणि झोपताना. थुंका, पण खळखळून चूळ भरू नका, पेस्टचा पातळ थर दातांवर राहू द्या. वाटाण्याएवढ्या पेस्टमध्ये सगळं मिळून पाव मिलिग्रॅमच फ्लोराइड असतं आणि तेही बहुतेक थुंकलं जातं. बोअरचं दोन लिटर पाणी पोटात 6 मिलिग्रॅम नेतं. चिनूला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट, मोठ्या माणसाने लावून द्यायची, ट्यूब त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची. आई, मिसरी बंद. तंबाखू आहेच, शिवाय ती उघडं मूळ घासून काढते. लाल मंजनही तसंच मूळ घासतं, तेही बंद.

बाबा, गुडघ्यांचं खापर बोअरवर फोडू नका. ते बोअरच्या आधीपासून दुखतात आणि हाडांवर परिणाम व्हायला वर्षं लागतात. मूत्रपिंडाचं मात्र बघायला हवं: फ्लोराइड लघवीवाटे बाहेर पडतं, मूत्रपिंड मंद असेल तर ते अंगात जास्त साठतं. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) शेवटचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवताना पाण्याचा कागदही सोबत न्या.

विहिरीचा नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्या, काचेच्या नको, काच फ्लोराइड धरते. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, काठोकाठ एक लिटर भरा, वर जागा आणि तारीख लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या आणि फॉर्मवर "फ्लोराइड" वेगळं लिहिलंय ना, ते दादाला बघायला सांगा. रिपोर्ट आला की या वेळी अख्खा कागद दिसेल असा फोटो पाठवा.

तुमची,
ताई