निरोप पाठवणाऱ्यानेही घड्याळ पाहावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्मार्टफोनमुळे कामाची वेळ आणि घरची वेळ एकमेकींत मिसळली, यावर बरेच लिहिले जाते. उपाय बहुधा एकच सांगतात: फोन बाजूला ठेवा. हा सल्ला चुकीच्या माणसाला दिला जातो. निरोप वरिष्ठांचा असेल तर तो न पाहण्याची मुभा हाताखालच्या माणसाला नसते. दुरुस्ती पाठवणाऱ्याच्या बाजूने व्हायला हवी, आणि ती अवघड नाही.

कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे साधे गणित करून पाहा. ग्रुपमध्ये २० जण आहेत. रात्री साडेनऊला निरोप येतो, ‘उद्याच्या बैठकीसाठी आकडे लागतील.’ १९ फोन वाजतात. मग एक जण ‘ओके सर’ लिहितो, आणि आपणच तेवढे गप्प दिसू नये म्हणून बाकीचेही लिहितात. प्रत्येक ‘ओके सर’ उरलेल्या १९ फोनवर पोहोचतो. २० निरोप गुणिले १९, म्हणजे ३८० वेळा कोणाचा ना कोणाचा फोन थरथरतो. आकडे मात्र एकानेच द्यायचे असतात! ब्लू टिक बंद करून सुटका होत नाही, कारण ते सेटिंग ग्रुपला लागू नाही. कोणी वाचले हे पाठवणाऱ्याला दिसतेच. ग्रुप म्यूट केला तरी कोणी आपल्याला मेन्शन केले किंवा आपल्या निरोपाला उत्तर दिले की सूचना येते.

यावरचा इलाज ॲडमिनच्या हातात आहे. ग्रुप सेटिंगमध्ये जाऊन निरोप पाठवण्याचा अधिकार फक्त ॲडमिनपुरता ठेवता येतो. पोच म्हणून अंगठ्याची रिॲक्शन द्यायला सांगावी. तिची सूचना मूळ निरोप लिहिणाऱ्यालाच जाते, बाकीच्यांना त्रास होत नाही. आणि काम एकाचेच असेल तर ते ग्रुपवर टाकूच नये. ईमेल रात्री सुचला तर रात्रीच लिहावा, पण सकाळची वेळ लावून ठेवावा. जीमेलमध्ये ही सोय २०१९ पासून आहे. जिथे अशी सोय नाही तिथे मजकूर स्वतःलाच पाठवून ठेवावा आणि सकाळी पुढे धाडावा.

‘आत्ता पाठवतो, सकाळी बघ’ असे म्हणणारे मनाने चांगले असतात, पण त्याने काही साधत नाही. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो, हे व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक सोफी लरॉय यांनी २००९ मधील संशोधनात मांडले. रात्री वाचलेला आणि सकाळपर्यंत काहीच करता न येणारा निरोप म्हणजे असेच अर्धवट काम. तो फोनवर वाचून होतो, डोक्यातून जात नाही.

खरोखर तातडीचे असेल तर फोन करावा, आणि ते आधीच ठरवून ठेवावे. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असतानाही त्याच व्यक्तीचा दुसरा कॉल वाजू देण्याची सोय आहे: आयफोनवर तीन मिनिटांच्या आत, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांच्या आत. म्हणून ‘तातडीचे असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा’ एवढा नियम पुरतो. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे सर्व कॉन्टॅक्ट्सना सूट देणे; मग सारे कार्यालयच आत येते. कंपनीने अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल (कामाची ॲप वेगळी ठेवणारा कप्पा) दिले असेल तर ते एका बटणाने थांबवता येते. त्यातल्या ॲपच्या सूचना येणे बंद होते.

दुरुस्ती निरोप घेणाऱ्याने करायची की पाठवणाऱ्याने, हा फरक कायद्यांतही दिसतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्काविषयी कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कर्मचाऱ्याला कामाच्या वेळेबाहेरचा निरोप न वाचण्याचा हक्क मिळाला, नकार अवाजवी नसेल तर. पण हक्क वापरायचा म्हणजे नकार द्यायचा, आणि तो हाताखालच्यानेच. पोर्तुगालने २०२१ मध्ये थेट मालकावरच संपर्क न करण्याचे बंधन घातले. आम्हाला हाच मार्ग योग्य वाटतो. फोक्सवागनने तर २०११ मध्येच जर्मनीतील काही कर्मचाऱ्यांसाठी पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने सर्व्हरवरूनच ईमेल थांबवायला सुरुवात केली होती. मनोनिग्रहाचा प्रश्नच उरला नाही.

एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कार्यालयीन लॉगिनचा कोड आणि हजेरीचे ॲप कर्मचाऱ्याच्या खासगी फोनवर असते. मग सुटीच्या दिवशीही तोच फोन, तीच स्क्रीन, आणि शेजारी लाल ठिपका. लॉगिनसाठी फोनवरच्या कोडऐवजी संगणकाला लावायची छोटी यूएसबी किल्ली (सिक्युरिटी की) मिळते, ती कंपनीने द्यावी. ज्यांना रात्री उपलब्ध राहावेच लागते त्यांची पाळी लेखी लावावी, त्या तासांचा मोबदला द्यावा, आणि त्या रात्री बाकी कोणालाही फोन करू नये.

कळावे,
आपले वाचक