कुरतडलेल्या पानांचा दिवस

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण महिनाभर मी देशी झाडांच्या दिवसाच्या तयारीत पुरता अडकलो होतो. तो रविवारी पार पडला. रोपवाटप झाले, बियांची देवघेव झाली, भाषणेही झाली. त्यांचे वर्णन करत नाही, कारण भाषणे तू पुष्कळ ऐकली आहेस. माझ्याकडे रुईची कुंडी सोपवली होती, तिच्याविषयीच लिहितो.

तिची निम्मी पाने कुरतडलेली होती आणि एका पानाच्या पाठीमागे काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांचा, अंगावर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या मिरवणारा सुरवंट निवांत चरत होता. येणारा जवळजवळ प्रत्येक जण "अरेरे, कीड लागली की हो!" म्हणून हळहळे आणि लगेच एखादे औषध सुचवी. मी त्यांच्या हाती भिंग देई आणि सांगे की, या सुरवंटाचे नारिंगी फुलपाखरू रुईच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालते, चिकातले विष पिल्लाच्या अंगात साठते आणि म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. एका गृहस्थांनी विचारले, "आम्हाला पक्षी हवेत, सुरवंट कशाला?" हा विषारी असला, तरी इतर सुरवंटांवरच पक्ष्यांची पिल्ले वाढतात, म्हणून त्यांना मी अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी देतात तो हिशेब ऐकवला: चिकडी नावाच्या चिमुकल्या पक्ष्याच्या एका विणीतील पिल्ले घरटे सोडेपर्यंत ६,००० ते ९,००० सुरवंट फस्त करतात. गृहस्थ गप्प झाले, पण रोप मात्र त्यांनी बिनकुरतडलेलेच निवडून नेले!

हसू नकोस, दोन वर्षांपूर्वी मीही तेच केले होते. एका रोपवाटिकेतून पांढऱ्या रुईची तकतकीत रोपे हौसेने आणली, त्यांवर सुरवंट सोडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे काळे पडून कुंडीत गळालेले दिसले. झाड देशी होते, पण मुळांवाटे शोषलेले कीटकनाशक पानापानांत भिनले होते. तेव्हापासून रोप घेताना मी आधी पानांवर भोके आहेत का, ते पाहतो.

गुलमोहरावरून थोडी वादावादीही झाली. तो मूळचा मादागास्करचा, हे ऐकून एक आजोबा खरोखर दुखावले. त्यांनी तो स्वतः लावून वाढवला होता. लावलेला तोडा असे कोणी म्हणत नाही, हे पटवताना माझी दमछाक झाली. उष्णकटिबंधीय अमेरिकेतून शोभेसाठी जगभर नेलेल्या घाणेरीची गोष्ट मात्र वेगळी, ती आपणहून पसरून देशी झाडांची जागा बळकावते. दुपारी आम्ही ती काढायला लागलो, तेव्हा उत्साही मुलांनी ती वरवर छाटायला घेतली. तशी ती दुप्पट जोमाने फुटते. मग जमिनीखाली बोटभर खोल मूळ कापून झुडूप उलटे ठेवायचे त्यांना शिकवले. दोन तासांत जेमतेम सात झुडपे निघाली, हात ओरबाडले ते वेगळेच. रोपवाटपाचा आकडा सगळीकडे झळकला, या सातांची दखल कोणी घेतली नाही. मला विचारशील, तर दिवसाचे खरे काम तेवढेच.

सुरवंट काल कुंडीच्या काठाखाली उलटा लटकला आणि आज तिथे फिकट हिरवा कोश आहे. रुईच्या शेंगा उकलू लागल्या की थोडे बी म्हाताऱ्यांसकट पाकिटात घालून धाडतो. पाकीट पंख्याखाली उघडू नकोस.

तुझा,
जुना मित्र