नावापुढची फुली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत आपण आपल्या भागातल्या उंच मुलांवर अर्धं पान दिलंत. बास्केटबॉलला अर्धं पान मिळालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून आधी आभार. पण त्या लेखात पंजाबच्या सतनाम सिंग भामराचा उल्लेख ‘एनबीए (अमेरिकेतली मोठी व्यावसायिक बास्केटबॉल लीग) खेळलेला पहिला भारतीय’ असा आहे, तो चुकीचा आहे. सतनाम एनबीएत निवडला गेला, तिथे खेळला नाही. या दोन्हींत केवढं अंतर आहे ते सांगण्यासाठीच हे पत्र.

मी स्वतः मोठा खेळाडू नव्हे. नोकरी सांभाळून एकतीस वर्षं स्कोअरशीट लिहिली. ज्यांनी स्कोअररचं टेबल पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कागदावर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक छोटा चौकोन असतो. खेळाडू सामन्यात पहिल्यांदा उतरला की त्यात बारीक फुली मारायची. सुरुवातीच्या पाच जणांच्या फुलीभोवती गोल करायचा. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या-चौथ्याला निळं. बाकी सगळीकडे फुली मारणं म्हणजे नाव कटाप. आमच्या टेबलावर मात्र फुली मिळाली तरच पोरगं खेळलं. सामना संपल्यावर बाकावरची काही मुलं हळूच वाकून आपला चौकोन बघून जातात. खेळलो नाही हे त्यांना माहीत असतं, तरी बघतात.

आता सतनाम. बर्नाला जिल्ह्यातलं बल्लोके हे त्याचं गाव. वडीलही जवळपास त्याच्याइतकेच उंच, पण घरच्यांनी त्यांना खेळू दिलं नाही, शेतीला जुंपलं. त्यांनी मुलाच्या बाबतीत ती चूक केली नाही, लुधियानाच्या अकादमीत घातला. २०१० साली, पंधरावं सरायच्या आत, शिष्यवृत्तीवर हा पोरगा फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पाच वर्षं तिथे काढली आणि २५ जून २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, डॅलस मॅव्हरिक्स या संघाने त्याचं नाव घेतलं. साठ जणांत बावन्नावा, वय १९, उंची सात फूट दोन इंच. भारतात जन्मलेला एकही खेळाडू त्याआधी ड्राफ्टमध्ये निवडला गेला नव्हता. त्या दिवशी मीही पेढे वाटले, उगाच लपवत नाही.

पण ड्राफ्टचा हिशेब आपल्याकडे कोणी नीट सांगत नाही. पहिल्या फेरीत तीस नावं. त्यांना पगाराची हमी असते. दुसऱ्या फेरीतल्यांना तशी हमी नाही, संघाला वाटलं तर करार. सतनामशी एनबीएचा करार झालाच नाही. तो डॅलसच्याच दुय्यम संघात, टेक्सास लेजेंड्समध्ये दोन हंगाम राहिला आणि तिथेही बहुतेक वेळ बाकावरच बसला.

यात त्याचा दोष किती? मला विचाराल तर काळाचा जास्त. ड्राफ्टच्या नऊच दिवस आधी गोल्डन स्टेट वॉरियर्सने विजेतेपद जिंकलं होतं. फायनलच्या चौथ्या सामन्यात त्यांनी अँड्र्यू बोगट या सात फुटी सेंटरला सुरुवातीच्या पाचांतून काढून आंद्रे इगुडालाला घेतलं आणि पुढे तोच इगुडाला फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे आपला मुलगा उंचीवर निवडला गेला त्याच महिन्यात तिकडे उंच माणसाला बाकावर बसवून अजिंक्यपद मिळवता येतं हे सिद्ध झालं होतं. बास्केटखाली उभं राहून चेंडू मागणाऱ्या धिप्पाड सेंटरचे दिवस सरत आले होते. आता सात फुट्यालाही तीन गुणांच्या रेषेबाहेर येऊन धावावं लागतं, गार्डच्या मागे सरकावं लागतं. हे पाय रोजच्या सामन्यांनी तयार होतात, अकादमीतल्या आरशासमोर नाही.

(एनबीएत प्रत्यक्ष उतरलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू म्हणजे सिम भुल्लर. तो जन्माने कॅनडाचा. एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जकडून तीन सामने, सगळे मिळून तीनेक मिनिटं. पण फुली मिळाली!)

पुढचं थोडक्यात. सतनाम २०१७ ला परतला, भारताकडून खेळला, मग कॅनडाच्या लीगमध्ये सेंट जॉन्स एजकडून एक हंगाम. नोव्हेंबर २०१९ मध्ये, दक्षिण आशियाई स्पर्धांच्या तयारीच्या वेळी दिलेल्या नमुन्यात हायजेनामाइन हे खेळाडूंना बंदी असलेलं द्रव्य सापडलं. दोन वर्षांची बंदी जाहीर झाली डिसेंबर २०२० मध्ये, पण ती मोजली नोव्हेंबर २०१९ पासून, आणि तेव्हा त्याचं चोविसावं वर्षही पुरं नव्हतं. २०२१ मध्ये त्याने एईडब्ल्यू या अमेरिकन कुस्ती कंपनीशी करार केला. तिथे उंचीचं काय करायचं हे त्यांना बरोबर कळतं. हायजेनामाइन काही वनस्पतींत आणि बाजारात मिळणाऱ्या काही पूरक पावडरींत असतं. आमच्या गल्लीतल्या जिममध्ये पंधरा वर्षांची पोरं चमच्याने काय खातात ते मी पाहतो. डब्यावरचं लेबल वाचायला सांगितलं तर हसतात.

हे सगळं आज लिहायचं कारण घरातलं आहे. माझ्या बहिणीचा नातू पंधरा वर्षांचा, सहा फूट चार इंच. त्याच्या मापाचे बूट इथे मिळत नाहीत, मुंबईहून मागवावे लागतात. रविवारी आपला लेख वाचून त्याच्या बापाने मला सकाळी साडेसातला फोन केला. कोणी एक एजंट महिनाभर व्हॉट्सॲपवर त्याच्या मागे लागला आहे, परदेशातल्या अकादमीत दोन वर्षं, खर्च पस्तीस लाख. “मामा, वरचं रान काढलं तर होतंय,” म्हणाला. सतनामकडून कोणी पैसे घेतले नव्हते, त्याला शिष्यवृत्ती होती, एवढं तरी त्याला आठवण करून दिलं. मग माझी फाईल काढली. गेल्या हंगामात नातू एकूण किती सामने खेळला? अकरा. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. एक दिवस रिंग लागली नाही की वर्ष संपलं. अकरांपैकी सात सामन्यांत समोरच्या संघात सहा फुटांचा एकही मुलगा नव्हता. तो हात वर करून उभा राहतो, चेंडू येतो, टाकतो. डाव्या हाताने ड्रिबल करायला सांगितलं की चेंडू स्वतःच्याच पायावर आपटतो. त्याची गरजच पडली नाही ना कधी!

भारताकडून खेळलेल्या अमृतपाल सिंगचं उदाहरण मला म्हणून जवळचं वाटतं. तो खेळात आलाच उशिरा. वर्षानुवर्षं इथल्या स्पर्धांत राबला, २०१४ साली वुहानला भारताने चीनला ६५-५८ हरवलं त्या संघात होता, आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जने त्याला घेतलं. तेव्हा तो सव्विशीचा होता. आधी सामने, मग विमान. लीगच्या नावाने आपल्याकडे काय झालं तेही आठवा: यूबीए ही बास्केटबॉल लीग २०१५ ला सुरू झाली, तीत पुणे पेशवाज होता, मुंबई चॅलेंजर्स होता, आणि २०१७ नंतर ती बंद पडली. आता आयएनबीएल या दुसऱ्या लीगने पंचवीस वर्षांखालच्यांसाठी काही सुरू केलं आहे, बघू या किती टिकतं. पण पंधरा वर्षांच्या मुलाला दर आठवड्याला एक बरोबरीचा सामना मिळेल अशी साखळी स्पर्धा आमच्या जिल्ह्यात नाही. त्याला पस्तीस लाख लागत नाहीत. आठ शाळा, दोन पंच, एक शॉट क्लॉक, नसला तर स्टॉपवॉच.

म्हणून आम्ही चार म्हाताऱ्यांनी मिळून सहा संघ जमवले आहेत. आठांपैकी दोन आले नाहीत, एका शाळेत परीक्षा आणि एका शाळेच्या मैदानात लग्नाचा मांडव. रान अजून विकलेलं नाही. नातवाला मी दुसऱ्या संघात टाकलं आहे, त्यांच्याकडे सहा फूट पाचचा एक बारावीतला मुलगा सरावाला येतो. परवा त्याने आमच्या नातवाचे ओळीने तीन फटके अडवले. घरी जाऊन पोरगं जेवलं नाही म्हणे.

आपल्या लेखातली चूक एका ओळीत दुरुस्त केलीत तर बरं होईल. आणि येत्या रविवारी सकाळी सात वाजता सामना आहे, आपला क्रीडा वार्ताहर आला तर टेबलाशी खुर्ची ठेवतो. माझं लाल पेन संपत आलंय, तेवढं येताना आणायला सांगा.

आपला,
एक निवृत्त स्कोअरर, सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)