रिमला क्रोम हवेच असे नाही. आधी टायर उतरवून पाहा

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या मोटरसायकलींवरचा लेख मी दोनदा वाचला. इंजिन, टाकी, सीटचे कव्हर यांबद्दल लेखकाने जे लिहिले आहे त्यावर मला बोलायचे नाही, त्यातले मला कळत नाही. पण शेवटी त्यांनी ठासून सांगितले आहे की जुन्या गाडीच्या रिमला क्रोमचा मुलामाच हवा, बाकी सगळी मलमपट्टी. या वाक्यापायी मी एकदा बरेच पैसे घालवले आहेत, म्हणून हे पत्र.

माझे बाबा पणजीत पायलट होते, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सी चालवत. पिवळ्या मडगार्डची त्यांची 1974 सालची बुलेट 350 आजही आमच्या पडवीत आहे आणि चालू आहे. बाबा रोज सकाळी चोडण बेटावरून फेरीबोटीने मांडवी नदी ओलांडून रायबंदरला उतरत. ज्यांनी ही फेरी पकडली आहे त्यांना सांगायला नको, भरतीच्या वेळी धक्क्यावर पाणी चढलेले असते आणि चाके अर्धी बुडवूनच गाडी वर काढावी लागते. लोक पावसाला घाबरतात. रिमचा खरा वैरी मे महिना. पावसाळ्यात मांडवीला वरून पूर येतो, पाणी जवळजवळ गोडे होते. एप्रिल-मेमध्ये तेच पाणी चांगले खारट असते. ते मीठ रिमच्या खाचाखोचांत सुकून बसते आणि जूनची दमट हवा लागली की ओले होऊन कामाला लागते. वर्षाला सुमारे 3000 मिलीमीटर पाऊस पडतो आमच्याकडे. तो रिम बाहेरून धुऊन काढतो, आतून नाही.

बाबा गेल्यावर भाच्याने गाडी हौसेने बाहेर काढली. 2016 मध्ये आम्ही दोन्ही रिम क्रोम करून आणल्या. किती लखलखत होत्या! चवथीला आलेल्या पाहुण्यांनी मखराआधी गाडी बघितली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर निपलांच्या (आरे रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांच्या) आसपास बारीक फोड आले, मोहरीच्या दाण्याएवढे. नखाने एक फोडला तर आतून तपकिरी पाणी आले.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. परीक्षानळ्यांत खिळे घालून गंजण्याचा प्रयोग दरवर्षी मुलांकडून करून घेतला आणि घरच्या चाकाला तोच नियम लावायचे मला सुचले नाही, याची लाज अजून वाटते. खिळ्याला जस्ताची पट्टी गुंडाळली तर जस्त झिजते आणि खिळा राहतो. तांब्याची तार गुंडाळली तर तार राहते, खिळा जातो. क्रोम आणि निकल हे या हिशेबात तांब्याच्या बाजूचे. त्यांचा थर अखंड आहे तोवर ठीक. एक सुईएवढे भोक पडले की सगळा मार त्या भोकाखालच्या लोखंडावर पडतो. म्हणून क्रोमच्या रिमला गंज पसरट येत नाही, खड्डा पाडत खोल जातो.

दुसरे म्हणजे, ज्याला आपण क्रोम म्हणतो तो थर एका मायक्रॉनच्या (मिलीमीटरच्या हजाराव्या भागाच्या) तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो. असे दोनशेहून जास्त थर एकावर एक रचले तेव्हा कुठे माणसाच्या केसाची जाडी होते. राखण करते ते खालचे निकल. खाऱ्या हवेत रोज फिरणाऱ्या गाडीला निदान 30 मायक्रॉन निकल हवे, तेही दुहेरी असेल तर उत्तम: खालचा थर अर्धवट चमकीचा, वरचा पूर्ण चमकीचा. मग गंज वरच्या थरात आडवा पसरतो, लोखंडापर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. आम्ही ज्याच्याकडे काम दिले होते त्याला मी नंतर विचारले, निकल किती मायक्रॉन दिले होते? तो हसला. म्हणाला, "बाई, चमक बघा ना." बिलावर फक्त 'रिम दोन नग, क्रोम' एवढेच होते.

आणि निकल भरपूर दिले तरी रिमच्या पोटात ते नीट बसत नाही. प्लेटिंगच्या टाकीत वीज सोडली की ती कडांकडे, उंचवट्यांकडे धावते. रिमची खोलगट नाळ, जिथे ट्यूबखाली निपलांची डोकी असतात, तिथे थर सगळ्यात पातळ बसतो. आतल्या बाजूला वेगळा धनाग्र, म्हणजे विजेच्या धन टोकाला जोडलेला दांडा, लावला तर हे टळते, पण तेवढा त्रास घेणारा कारागीर शोधावा लागतो. त्यात प्लेटिंगआधी जुने खड्डे घालवायला बफिंग (घासून पॉलिश) करतात, म्हणजे पन्नास वर्षांची पातळ झालेली रिम आणखी पातळ होते.

पंक्चर काढताना मी पहिल्यांदा मागच्या रिमच्या आत पाहिले. रिमची रबरी पट्टी एका जागी पत्र्याला चिकटून बसली होती. ती ओढली तेव्हा तिच्याबरोबर गंजाचे पापुद्रे आले, भिजलेल्या विड्याच्या पानासारखे. चाळीस निपलांतल्या सात-आठांच्या डोक्यांना धार आली होती. एका भोकाजवळ मी शिवणाची सुई टोचली तर ती आरपार गेली. बाहेरून त्याच जागी चमक होती, तोंड दिसेल इतकी. ती रिम आम्हाला टाकावीच लागली.

मग भाच्याने पावडर कोटिंगचा हट्ट धरला. भट्टीत 180-200 अंशांवर भाजलेला तो 70-80 मायक्रॉनचा थर दिसतो देखणा, आणि बंगल्याच्या ग्रिलला मी तो डोळे झाकून सुचवीन. रिमची गोष्ट वेगळी. निपलांच्या बैठकीखाली तो जाड थर दबला, महिन्याभरात आरे सैल पडले, चाकाचा आउट (डगमग) पुन्हा काढावा लागला. पुढे वाटेत पंक्चर झाले, टायर काढायची लिव्हर घसरली आणि कडेचा टवका उडाला. त्या टवक्यातून पाणी थराखाली शिरले. वरून कोटिंग शाबूत, खालून गंज बोटभर सरकलेला. ब्लेडने उचलला तर सोललेल्या सालीसारखा निघून आला. जागच्या जागी डागडुजी करायची सोय नाही, सगळे काढून पुन्हा भट्टी.

इथे एक सांगून ठेवते. जुने क्रोम काढायला भाच्याने अंगणात संडास साफ करायच्या आम्लाची बाटली आणून ठेवली होती. मी ती उचलून बंद केली. त्याच्या वाफेने शेजारच्या पडवीतली हत्यारे दोन दिवसांत गंजतात, क्रोमचे पाणी विहिरीच्या वाटेला लागते, आणि हे सगळे आम्ही माडाच्या आळ्याशेजारी करणार होतो. "आत्ये, सगळे असेच करतात," हे त्याचे उत्तर. सगळे करतात म्हणून तर विहिरींची काळजी.

शेवटी 2021 च्या जानेवारीत आम्ही साधा रंग दिला. जानेवारी मुद्दाम धरला, कारण त्या दिवसांत हवा कोरडी असते. रिम ब्लास्टिंग करून, म्हणजे बारीक कणांचा जोराचा मारा करून, उघड्या पत्र्यावर आणली आणि त्याच दुपारी जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर मारला. रात्रभर तशीच ठेवली असती तर आपल्या हवेत सकाळी पिवळट झाक आलीच असती. त्यावर इपॉक्सीचा एक हात आणि वरून दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग, चंदेरी. फवारताना चांगला मास्क लागतोच, त्यातला हार्डनर फुप्फुसांना वाईट. आतली नाळ आधी, दिसणारी बाजू नंतर, हा क्रम मी हट्टाने पाळायला लावला. निपलांच्या भोकांत रंग पातळच ठेवला. आठवडाभर तसेच सुकू दिले, मग आरे. टायर चढवताना कडेला साबणाचे पाणी लावले, लिव्हरखाली जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवला. नवी रबरी पट्टी घालण्याआधी निपलांची वर आलेली टोके कानशीने घासून घेतली.

त्यानंतर चार पावसाळे गेले. दोन ठिकाणी रंग उडाला. दिवाळीआधी पॉलिश पेपर आणि ब्रश घेऊन मी स्वतः तो भरला. तिथे गंज पसरला नव्हता, कारण खाली जस्त आहे आणि ते स्वतः झिजून पत्रा राखते. फेरीवरून आल्यावर भाचा गोड्या पाण्याची एक बादली चाकांवर ओततो. एवढीच सेवा.

आता 'मूळ रूप' हा मुद्दा. क्रोम प्लेटिंग बाजारात रुळले ते 1920च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी निकल असे, नाहीतर रंग. 1930च्या दशकातल्या कित्येक ब्रिटिश गाड्यांच्या रिमना कडेला क्रोम आणि मधे रंगाचा पट्टा, वर बारीक रेघ असे. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला दिलेल्या गाड्यांच्या रिम तर सरळ रंगवलेल्याच होत्या. तेव्हा रंगीत रिम म्हणजे बाटलेली गाडी, असे प्रदर्शनातल्या परीक्षकांनी तरी म्हणू नये. बुलेटला क्रोमच होते हे मान्य. ज्यांची गाडी वर्षातून एकदा ट्रेलरवरून प्रदर्शनाला जाते त्यांनी जरूर क्रोम करावे. फक्त निकलचे मायक्रॉन बिलावर लिहून घ्यावेत आणि आत धनाग्र लावतो का ते विचारावे. स्टेनलेसच्या रिमही मिळतात. पण 304 दर्जाच्या स्टेनलेसलाही समुद्राच्या वाऱ्यात चहाच्या डागासारखे डाग पडतात, आणि बाबांच्या गाडीला ती मला परकी वाटते. हे शेवटचे कारण विज्ञानात बसत नाही, ठाऊक आहे.

एक विनंती. लेखासोबत छापलेल्या छायाचित्रातल्या गाडीच्या मागच्या चाकाला, व्हॉल्व्हच्या भोकाखाली, एक बारीक तपकिरी ओघळ दिसतो. मी भिंग लावून पाहिले, छपाईचा दोष नाही. मालकांना तेवढा टायर उतरवून बघायला कळवाल का? पुढच्या सहलीआधी कळवलेत तर बरे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
चोडण, तिसवाडी