वय वंदना कार्ड देवघरात अन् पॉलिसीले ४१ हजार

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातला शेतकरी, पेपरले पत्र पहिल्यांदाच लिहून राहिलो, मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

कापसाचे पैसे हातात आले की गावात दोन जण हमखास येतात, एक कृषी केंद्राची उधारी मागणारा आणि दुसरा विमा एजंट. आमच्याकडं आलेला पोरगा लय बोलका, बाजेवर बसला, चहा पिला अन् बाबा (७३) आणि माय (६७) दोघांची मिळून पाच लाखाची पॉलिसी, वर्षाचे ४१ हजार, वरून जीएसटी वेगळा म्हणे. मी म्हटलं, घरच्या हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी तर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला ना, तर म्हणते हो हो, ते जुनं पत्रक हाय. तिथंच मला खटकलं होतं पण बाबा म्हणाले पोराले बोजा नको, अन् चेक फाडून दिला.

पॉलिसीचं बाड घरी आल्यावर रात्री बसून वाचलं. प्रत्येक बिलात २० टक्के आपले. मोतीबिंदू अन् गुडघ्याले दोन वर्षं थांबा. बाबांले नऊ वर्षांपासून शुगर आहे आणि फॉर्मवर एजंटनं "नाही" टिक केलेलं! बाबांले विचारलं तर म्हणाले, तोच म्हणे काकाजी शुगर-बिगर लिहू नका, प्रीमियम वाढते. म्हणजे उद्या क्लेम टाकला की आजार लपवला म्हणून कंपनी हात वर करायला मोकळी, एजंट तवा कुठं सापडते? खरं लिहिलं असतं तर जुन्या आजारासाठी फार तर तीन वर्षं थांबावं लागलं असतं, १ एप्रिल २०२४ पासून तोच नियम आहे.

आणि गंमत अशी की बाबांचं आयुष्मान वय वंदना कार्ड लॅमिनेशन करून देवघरात ठेवलेलं, हळदकुंवाचे डाग पडले त्याच्यावर. या सरकारी कार्डावर ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं अन् त्यावरच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखापर्यंत भरती होऊन उपचार मोफत आहेत, अन् शुगर-बीपी पहिल्या दिवसापासून धरतात. घरात ७० वरचे दोघं असले तर पाच लाख दोघांत मिळून. ओपीडी अन् रोजच्या गोळ्या त्यात नाहीत, दवाखाना सरकारी योजनेच्या यादीतला पाहिजे. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड निघते, पण ईसीएचएस-सीजीएचएस (माजी सैनिक अन् केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजना) वाल्यांना दोन्हीपैकी एकच निवडा लागते. वय मात्र आधारवरचंच धरतात, आमच्या गावात अर्ध्या म्हाताऱ्यांचा जन्म १ जानेवारीचा, त्यांनी आधी तारीख पाहून घ्या.

माय हे सगळं ऐकत होती, तिले सत्तरीले अजून तीन वर्षं बाकी. म्हणते, "म्हंजे तीन वर्सं मले बिमार पडाची मनाई हाय का?" तसं नाही, तिच्यासाठी रेशन कार्डावर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, तीही आता पाच लाखापर्यंत, कार्डाचा रंग कोणताही असो.

मी पॉलिसीच्या विरोधात नाही. यादीबाहेरच्या दवाखान्यात जायचं असेल, वेगळी रूम पाहिजे असेल तर घ्यावी, ६५ नंतर बऱ्याच कंपन्या नवीन पॉलिसी देत नव्हत्या, ती वयाची अटही निघाली. माझ्या साळ्यानं आईवडील पन्नाशीत असतानाच घेतली, त्याचे थांबायचे वर्षं केव्हाच संपले. पण ७३ व्या वर्षी ४१ हजार भरायच्या आधी सरकारी कार्डात काय येते हे तर समजलं पाहिजे ना. कार्ड काढायले कॅम्प लागते, फोटो निघतात, अन् ते कुठं चालते हे कोणी सांगत नाही. आपली विनंती एवढीच की जिल्ह्याच्या पानावर यादीतले दवाखाने छापा, कोणत्या दवाखान्यात कोणत्या आजाराचा इलाज होते त्याच्यासकट, कारण गुडघ्याचा माणूस सत्तर किलोमीटर जाऊन हे इथं होत नाही ऐकून वापस येते.

पॉलिसी आम्ही वापस केली. हातात आल्यापासून ३० दिवसांत करता येते, एजंटनं ते सांगितलं नव्हतं, बाडात होतं. तेवढ्या दिवसांचा प्रीमियम अन् स्टॅम्प ड्युटी कापून बाकी पैसे खात्यात आले. बाबांनी त्यातून आधी कृषी केंद्राची उधारी मिटवली.

आपला एक वाचक,
ता. आर्णी, जि. यवतमाळ