फोम बदलला, धुतलेलं पाणी कुठे गेलं?

महोदय,

विमानतळाच्या अग्निशमन दलात माझी 31 वर्षं गेली. भरती झालो तेव्हा प्रोटीन फोम होता, जनावरांच्या शिंगा-खुरांपासून केलेला. त्याचा वास दोन-दोन दिवस गणवेशातून जायचा नाही. मग ‘एएफएफएफ’ नावाचा नवा फोम आला. इंधनावर पाण्याचा पातळ पापुद्रा धरून तो आग इतकी झटकन दाबायचा, की आम्ही त्याच्या प्रेमातच पडलो.

तो पापुद्रा ज्यांच्यामुळे धरतो, ती ‘पीएफएएस’ नावाची फ्लोरिनयुक्त रसायनं मातीत, पाण्यात मोडत नाहीत, रक्तातही वर्षानुवर्षं राहतात. त्यातलं ‘पीएफओएस’ 2009 मध्ये आणि ‘पीएफओए’ 2019 मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे चिवट विषारी रसायनांवर बंदी-निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेलं. स्वीडनमधल्या कालिंगे गावाच्या पिण्याच्या पाण्यात हाच फोम झिरपला होता. रक्तातलं या रसायनांचं वाढलेलं प्रमाण हीच शारीरिक इजा, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं.

लोकांना वाटतं, हा फोम अपघातात वापरला जातो. आम्ही खऱ्या आगीवर मारला तो मोजकाच, बाकी सगळा सरावात आणि चाचणीत गेला. 10,000 लिटर पाण्याच्या गाडीला 3 टक्क्यांनी सुमारे 300 लिटर फोम लागतो. मिश्रण बरोबर होतंय का हे बघायला मॉनिटर, म्हणजे गाडीवरची फोम मारायची तोफ, सुरू करायचा. पांढरा ढीग कडेच्या गवतावर पडायचा आणि वाऱ्याने त्याचे गोळे नाल्याकडे लोळत जायचे. उरलेल्या फोमने आम्ही गाड्याही धुतल्या आहेत, उघड्या हातांनी. साबणाला कोण हातमोजे घालतं?

आता फ्लोरिनमुक्त फोम आलाय आणि तो कामाचा आहे, हे मी जुना माणूस असूनही मान्य करतो. तो पापुद्रा धरत नाही, सगळी मदार बुडबुड्यांच्या थरावर. त्यामुळे नोझल, मिश्रणयंत्र तपासून घ्यावं लागतं आणि जवानांचा हातही नव्याने बसवावा लागतो. पण जुना फोम टाकीला आणि पाइपांना आतून चिकटून राहतो, एका धुण्यात निघत नाही. आमच्याकडे पहिली टाकी धुतली तेव्हा पाण्याची नळी सवयीने नाल्यातच सोडली होती. सोडणारा मीच.

चाचणीला फोम बाहेर न उडवता मिश्रण मोजणारी यंत्रणा मिळते, ती प्रत्येक गाडीवर हवी. आणि फोम बदलल्याची बातमी छापताना जुने ड्रम नि धुतलेलं पाणी कुठे गेलं, एवढं आपल्या वार्ताहराने जरूर विचारावं.

— एक निवृत्त अग्निशामक