उलटी झाली की पित्तच?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला मोतीबिंदूच्या ऑपरेशनवरचा लेख वाचला. टाका नाही, दुखणं नाही, दुपारी घरी आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीसमोर. लेखक स्वतः डॉक्टर आहेत, तेव्हा खोटं कशाला लिहितील? मधली रात्र तेवढी गाळलीय त्यांनी.

आमच्या आक्काचं ऑपरेशन याच गावात, एका नावाजलेल्या दवाखान्यात झालं. नाव लिहीत नाही, लिहिलं तरी तुम्ही छापणार नाही. दुपारी पट्टी बांधून घरी आणली. दिवेलागणीला भुवईच्या वर ठणका सुरू झाला, मग उलट्या. 'डोस्कं फुटाय लागलंय रं,' म्हणत भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. दवाखान्यात फोन लावला, तर पलीकडची मुलगी विचारते, "काका, पेशंटनं तिखट काही खाल्लंय का?" कोल्हापुरात विचारायचा प्रश्न आहे का हा? मग म्हणाली, पित्त असेल, पित्ताची गोळी द्या, सकाळी पट्टी सोडायला या. शेजारपाजारच्यांनीही पित्तावरच शिक्कामोर्तब केलं. आलं-लिंबू झालं, कपाळाला बाम झाला. आक्काच्या डोळ्याला डोळा म्हणून लागला नाही.

सकाळी डोळ्याचा दाब मोजला तर ३६. असायला हवा १० ते २१. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "होतं असं कधी कधी."

होतं ना? मग आदल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? त्यांनीच मग प्रिस्क्रिप्शनच्या मागं चित्र काढून दाखवलं. ऑपरेशनच्या वेळी आतल्या नाजूक भागाला धक्का लागू नये म्हणून डोळ्यात जेलीसारखा पदार्थ भरतात आणि शेवटी धुऊन काढतात. त्यातला थोडा आत राहिला की डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं ती जाळी तुंबते आणि पहिल्या काही तासांतच दाब चढतो. बहुतेकांचा दिवसाभरात आपोआप उतरतो, हेही त्यांनी सांगितलं आणि ते मला मान्य आहे. पण ज्याला आधीपासून काचबिंदू आहे, त्याच्या डोळ्याच्या नसेला एक रात्रसुद्धा महागात पडू शकते. आक्काला तो नव्हता म्हणून निभावलं. गोळी आणि थेंब दिल्यावर दुपारपर्यंत ठणका गेला. गोळीनं बोटांना मुंग्या येतील, हे मात्र आधी सांगितलं, त्याबद्दल आभार. चित्र काढून समजवायला दोन मिनिटं लागली असतील. तेवढी आदल्या दिवशी मिळाली असती, तर आम्ही बाम चोळत बसलो नसतो.

घरी जाताना देतात तो सूचनांचा कागद जपून ठेवलाय. डोक्यावरून आंघोळ नको, खाली वाकू नका, चुलीपुढं बसू नका, काळा चष्मा लावा, डोळा चोळू नका. 'भुवई ठणकून उलटी झाली तर त्याच रात्री कळवा' ही एक ओळ काही सापडत नाही. फोन नंबर आहे, त्याखाली वेळ छापलीय, सकाळी १० ते संध्याकाळी ७. डोळ्यानं ती वेळ पाळायची असणार.

नंतर घालायच्या स्टिरॉइडच्या थेंबांचंही तेच. काहींचा दाब त्यांनीही दोन-तीन आठवड्यांत वाढतो, म्हणून डॉक्टर सांगतील तसे कमी करत बंद करायचे आणि मध्ये दाब मोजून घ्यायचा. आमच्या गल्लीत मात्र डोळा लाल झाला की जुनी बाटली घेऊन दुकानात जाणारे कैक आहेत आणि दुकानदारही काही न विचारता नवी काढून देतो. यावर आपले लेखक डॉक्टर चार ओळी लिहितील काय?

ता. क. : तो लेख आपण फिकट निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत छापला आहे, तोही बारीक टायपात. मोतीबिंदू झालेल्यानं तो वाचायचा कसा, हेही कळवावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार
मंगळवार पेठ, कोल्हापूर